सोनं झडलं तरी

अंग काळंभोर, पंख धुरकट आणि छातीवर पाठीच्या बाजूने दाट सोनेरी केसांची झूल. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पानझडी रानात, वसंत सरता सरता, ही माशी खालच्या झुडपांवर दिसते. क्रिसोपायलस थोरॅसिकस हे तिचं शास्त्रीय नाव. लिनियसचा शिष्य फाब्रिशियस याने १८०५ साली तिचं वर्णन केलं. स्नाइप माश्यांचं कूळ एरवी तपकिरी-करड्या, साध्या अंगाचं. त्यात हिचं रूप उठून दिसतं.

पण टाचणीवर आलेल्या नमुन्याची झूल शाबूत असेलच असं नाही. रानात वावरताना, जाळीत धडपडताना, हाताळताना केस गळतात आणि खालची काळी छाती उघडी पडते. मला ही माशी अशीच अधिक आवडते. आता तिला स्वतःच्या हाडापेरानिशी ओळख द्यावी लागते.

पाय लांब, सडसडीत. पोट शेवटाकडे निमुळतं. दरोडेखोर माशीचे राठ केस, चेहऱ्यावरची दाढी, डोळ्यांमधला खळगा, यातलं काहीच नाही. भिंगाखाली पाऊल धरलं की नखांच्या खाली तीन मऊ गाद्या दिसतात. दरोडेखोर माशीला दोनच असतात. तीन गाद्या घोडमाशीलाही असतात, म्हणून नजर स्पर्शिकेकडे न्यायची. घोडमाशीच्या स्पर्शिकेचं शेवटचं पेर लांब आणि वळ्यावळ्यांचं. हिचं पेर आखूड, गोलसर, आणि त्यातून निघालेला एक बारीक, लांब केस. पंखाच्या बुडाशी घोडमाशीला असते तशी मोठी पाळही इथे नाही.

कूळ पटलं, तरी ऱ्हाजिओ ही जवळची भाऊबंद उरतेच. त्यांच्यातला निवाडा मागच्या नडगीवर होतो: तिथे टोकाशी ऱ्हाजिओला दोन आऱ्या, हिला एकच. पंखाच्या मागच्या कडेची कोठी ऱ्हाजिओत उघडी राहते. हिच्या पंखात शिरा जुळून ती बंद होते. इतक्या बारीक जागी इतका ठाम पुरावा असतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. नर की मादी हे डोळे सांगतात: नराचे माथ्यावर भिडलेले, मादीचे दूर दूर.

क्रिसोपायलसच्या जाती भारतातही आहेत. कुणाला अशी माशी दिसली, तर पाठीच्या फोटोवर थांबू नका. मागचा पाय बाजूने टिपा, आणि पंखाच्या शिरा स्पष्ट दिसतील असाही एक फोटो घ्या.