आजीचा शंख

मी कॉन्व्हेंटची. शंख, शिंपला, कवडी... माझ्या लेखी सगळे 'शेल'च! पण चाकणच्या घराच्या वास्तुशांतीला आजीने साठवलेल्या पैशांतून 'दक्षिणावर्ती' शंख आणला आणि मला नीट बघायला शिकावं लागलं.

शंखाचं वेटोळ्यांचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. बहुतेक समुद्री गोगलगायींचं तोंड उजवीकडे येतं. पूजेत टोक खाली धरतात, म्हणून तोच शंख वामावर्ती ठरतो. वर्कशॉपमधला स्क्रू आठवा, उलटा धरला तरी आटे तेच! आजीच्या शंखाचे आटे डावे, म्हणजे पूजेच्या भाषेत दक्षिणावर्तीच. पण भारत-श्रीलंकेच्या समुद्रातल्या खऱ्या पूजेच्या शंखात, मधल्या दांड्यावर तीन-चार कंगोरे असतात. बोट फिरवलं... गुळगुळीत! ही अमेरिकेच्या किनाऱ्यावरची वेगळीच जात. तिच्यात डावे आटे नेहमीचेच. तरी इथे 'दुर्मिळ' म्हणून विकतात.

आजीला सांगू? दोन सुट्ट्या गप्प बसले. दिवाळीत सांगून टाकलं. तिने स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि हसली. "एवढ्या लांबून आलाय बिचारा, राहू दे देव्हाऱ्यात. पण शेजारच्या काकूही घेणार आहेत, त्यांना आधी हे दाखव!"