पुणे ते सेवाग्राम, चपलांसाठी

कुष्ठरोगाच्या पेशंटला देतात ती चप्पल दिसायला अगदी साधी असते. वर दोन रुंद पट्टे, टाचेमागून येणारा तिसरा पट्टा, खाली कडक सोल आणि मध्ये बोटभर जाडीचं मऊ, छिद्राळ रबर. या रबराला एमसीआर म्हणतात. चप्पल शिवताना आणि चिकटवताना तिला एकही खिळा मारायचा नाही, हा पहिला नियम. मागचा पट्टा हवाच, हा दुसरा. तळपायाला काही कळत नसेल तर चप्पल पायातून निसटल्याचंही कळत नाही, आणि माणूस अनवाणी पायाने तापलेल्या रस्त्यावरून तसाच पुढे जातो.

हे सगळं आम्हाला आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकली हाणणारा आमचा गट. त्यात एक बँकेतले अधिकारी, दोन कॉलेजची मुलं, एक पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनी, मी शाळेत विज्ञान शिकवणारी, आणखी काही जण. लांबचा पल्ला मारायचा असं कधीपासून चाललं होतं. ताई म्हणाल्या, मारायचाच आहे तर कशासाठी तरी मारू. विदर्भातल्या एका लहानशा कुष्ठरोग दवाखान्यात त्या वर्षातून काही दिवस जाऊन काम करतात. तिथे चपला शिवणारे एक कारागीर आहेत, पण रबराला पैसे पुरत नाहीत. सरकारी कार्यक्रमातून चपला मिळतात. शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायात त्या वर्षभर टिकत नाहीत, एवढाच प्रश्न.

ठरलं. पुण्याहून सेवाग्राम, आणि पोचायचं ३० जानेवारीला. गांधीजींचा स्मृतिदिन आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळतात. ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे रुपया, दोन रुपये अशी वचनं घेतली. रस्ता सातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका माणसाकडून साधारण एक-दोन जोडांचे पैसे. टेम्पोचं डिझेल, राहणं, जेवण, सायकलींची दुरुस्ती हे सगळं आम्ही आमच्या खिशातून करायचं, हे पहिल्याच बैठकीत पक्कं केलं. याबाबत माझं मत ठाम आहे. चपलेसाठी दिलेल्या पैशातला एक रुपयाही आमच्या चहात जाता कामा नये. पावतीपुस्तक बँकवाल्या दादांकडे होतं आणि ते रोज रात्री हिशेब लिहूनच झोपत.

टेम्पो चालवायला एसटीतून निवृत्त झालेले एक काका आले. सबंध प्रवासात त्यांनी आमच्या मागून हॉर्न वाजवला असेल तो फक्त उसाच्या ट्रॉलीसाठी. जानेवारीत नगर रस्त्यावर गळीत हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर आलेला. वाघोलीची गर्दी पहाटेच मागे टाकली, शिरूरला घोड नदी ओलांडली, सुप्याला पोहे खाल्ले आणि नगर गाठलं. दुसऱ्या दिवशी इमामपूरचा घाट, मग प्रवरासंगमाला गोदावरी, मग संभाजीनगर. हा टप्पा सगळ्यांच्या ओळखीचा, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक मात्र खरं, वारा. थंडीत दख्खनवर वारा पूर्वेकडून वाहतो आणि आम्ही नेमके पूर्वेला निघालो होतो. त्यामुळे एकामागे एक अशी रांग धरायची, पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, दमला की बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं. पोळीभाजीवाल्या वहिनी सगळ्यांत जास्त वेळ पुढे राहिल्या. चाळीशीनंतर सायकल शिकलेल्या या बाईंच्या मागे राहून चालवायला कॉलेजची मुलं मिनतवाऱ्या करत.

जालन्यापासून रस्ता बदलतो. मुंबई-नागपूरची बरीच वाहतूक समृद्धी महामार्गावर गेली आहे. तिथे सायकल, दुचाकी, रिक्षा कशालाच परवानगी नाही, त्यामुळे आम्ही जुन्या रस्त्याने सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा असे निघालो. समृद्धीवरून गाड्यांचा आवाज येत राहायचा आणि जुन्या रस्त्यावर आम्ही आणि बैलगाड्या. दोन्ही बाजूंना तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला, मध्येच करडईची पिवळी फुलं. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थानी थोडा वेळ बसलो. तिथून पुढे चढउतार सुरू होतात आणि रस्त्याच्या कडेला बाभळी.

बाभळीचा काटा ट्यूबमधून काढणं सोपं असतं, टायरमधला काढणं कठीण. ट्यूब बदलली आणि काटा टायरमध्येच राहिला, तर शंभर मीटरवर पुन्हा हवा जाते. मेहकरच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. कॉलेजमधल्या मुलाने टायर उलटा केला आणि आतून बोट फिरवायला लागला, हळूहळू, एका बाजूने. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. अर्ध्या फेऱ्यावर त्याने एकदम बोट मागे घेतलं. टोचलं होतं. तिथेच नखाने चिमटून त्याने जेमतेम दोन मिलिमीटरचं काळं टोक बाहेर काढलं. बोटाच्या शेंड्यावर रक्ताचा ठिपका आला होता, तो त्याने पँटला पुसला. ताई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात ज्यांना भेटायचंय, त्यांना हा काटा सापडला नसता."

त्याच संध्याकाळी माझी करंगळी बधिर झाली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची बाहेरची कड. मुंग्या आधीपासून येत होत्या, आता चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचं बोट धरल्यासारखं वाटत होतं. ताईंनी मला खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावले. पेनच्या टोकाने त्या हातावर जागोजागी हलकेच टेकवत होत्या आणि जिथे कळेल तिथे मी दुसऱ्या हाताने बोट ठेवायचं. करंगळीवर त्यांनी दोनदा टेकवलं, असं नंतर सांगितलं. मला एकदाही कळलं नव्हतं.

ही अल्नर नस. कोपर दारावर आपटल्यावर जी झिणझिणी करंगळीपर्यंत जाते, ती या नसेची. सायकलवाल्यांमध्ये ती तळहाताच्या तळाशी, मनगटाजवळ दाबली जाते, तासन् तास हँडलवर भार टाकल्याने. कुष्ठरोगात जंतू बहुतेक वेळा हीच नस धरतात, कोपरापाशी. तिथे ती सुजते, दोरीसारखी जाड लागते, आणि उपचार झाला नाही तर करंगळी आणि शेजारचं बोट आत वळतात. माझ्या हँडलवर दुहेरी टेप गुंडाळली, सीट जराशी मागे सरकवली, दर काही मिनिटांनी हात बदलायचा नियम घातला. यवतमाळपर्यंत बोट जागं झालं. मी मुलांना वर्गात मज्जासंस्था शिकवते, फळ्यावर आकृती काढते. बोट बधिर झालं त्या रात्री जेवताना ताटाची गरम कड करंगळीला लागून होती आणि मला ते ताईंनी सांगितल्यावर कळलं. आकृतीतून हे कधी पोचलं नव्हतं.

वाटेत रोज एका शाळेत थांबायचं ठरलेलं होतं. बोलायची बाजू माझ्याकडे. मी मुलांना तीनच गोष्टी सांगायचे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि टोचलं तरी ज्यावर कळत नाही, तो गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंना दाखवायचा. कुष्ठरोग जंतूने होतो, शापाने किंवा पापाने नाही, आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. औषध फुकट आहे, चट्टे कमी असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर वर्षभर, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून इतरांना लागण होण्याचा धोका राहत नाही. मुलं प्रश्न फार चांगले विचारत. एका मुलीने विचारलं, "मग त्यांना गावाबाहेर का ठेवतात?" तिला मी खरं ते सांगितलं. १८९८चा इंग्रजांचा कायदा अशा माणसांना वेगळं कोंडायची मुभा देत होता आणि तो आपण २०१६ साली रद्द केला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येत असे, ती तरतूद २०१९मध्ये निघाली. कायदे निघाले, गावाबाहेरची घरं अजून आहेत. देशाने २००५ साली दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, तरी आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. ही संख्या वर्षाला लाखाच्या घरात आहे.

मालेगावच्या पुढे एका शाळेत कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा फाटकाशी थांबले होते. नातवाला न्यायला आले होते, पण नातू निघून गेला तरी ते हलेनात. मुलं पांगल्यावर ताईंना म्हणाले, "बाई, जरा पाहता का?" आणि सदऱ्याची बाही वर केली. दंडावर तळहाताएवढा फिकट चट्टा. "दुखत तं काईच नाही. पराटीच्या बोंडाचं टोक टोचते ना, ते इथं समजतच नाही." कापूस वेचणाऱ्या माणसाला वाळलेल्या बोंडाची टोकं दिवसभर टोचतात, त्यांना टोचणं बंद झालेली जागा तेवढ्यावरून सापडली होती. ताईंनी कापसाचाच एक धागा घेऊन तपासलं, कोपर चाचपलं, नस जाड लागली. निदान तिथे उभ्या उभ्या करायचं नसतं, पण त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि शाळेतल्या सरांनी गावच्या आशाताईंना बोलावून घेतलं. आजोबांनी एवढंच विचारलं, "घरी सांगावं लागते का?" ताई म्हणाल्या, "सांगा. लवकर आलात बाबा, हात चांगला राहील." त्यावर ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

कारंज्याहून दारव्हा, यवतमाळ, कळंब, देवळी आणि वर्धा. देवळीच्या आधी त्या दवाखान्यात गेलो. ओसरीत काही माणसं पाय पाण्यात सोडून बसली होती. घाम सुटत नाही म्हणून कातडी कोरडी पडते आणि भेगाळते. रोज पाय भिजवायचे, टणक झालेली कातडी घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं. मग आरसा. एका मावशींनी हातभर अंतरावर आरसा धरून तळपाय मला दाखवला. बोटांच्या खाली जुन्या जखमेचा खळगा, त्यावर नवी गुलाबी कातडी. "रोज पाहतो मी याले, सकाळी अन् रात्री. डोयांनीच पाहावं लागते," त्या म्हणाल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड पुढे नेमकं हेच शोधत होते. बोटं रोगाने झडतात हा समज त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडून काढला. बोटं जातात ती न कळलेल्या भाजण्याने, कापण्याने, दाबाने. याचाच अर्थ असा, की ती वाचवता येतात.

कारागीर मामांच्या खोलीत रबराच्या गंधाशिवाय काही नव्हतं. मावशींचा पाय कागदावर ठेवून त्यांनी पेन्सिल फिरवली, पेन्सिल उभी धरून, म्हणजे माप आत जात नाही. खळग्याच्या जागी कागदावर फुली. त्या फुलीखाली रबर किंचित कोरून काढायचं, म्हणजे भार आजूबाजूला जातो. मग पट्ट्याची आतली कड त्यांनी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली. बोटं राकट झालीत, गालाला बारीक टोक कळतं, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, सेवाग्राम. आश्रमात बापूकुटीपाशी सगळे थांबतात. आम्ही परचुरे कुटीपुढे अधिक वेळ थांबलो. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींच्या ओळखीचे. कुष्ठरोगाने जर्जर होऊन ते आश्रमात आले तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि त्यांची शुश्रूषा स्वतः केली. त्याच वर्धा परिसरात १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरचं काम सुरू केलं होतं, आणि पुढे १९४९मध्ये वरोड्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. आजच्यासारखं औषध हाताशी नसताना या माणसांनी हात लावला. आज औषध तालुक्या-तालुक्याला आहे, तेव्हा आपण मागे सरकण्याला कसलंही कारण उरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

जमलेल्या पैशांचं रबर आणि चामडं घेऊन दवाखान्यात पोचवलं. रोख दिली नाही, तशी मामांचीच सूचना होती. पावत्या सगळ्या देणगीदारांना गेल्या आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी यंदाचे किलोमीटर आधीच विचारून ठेवलेत.

फेब्रुवारीच्या शेवटी मालेगावकडच्या आशाताईंचा फोन आला. आजोबांचं निदान पक्कं झालं, गोळ्यांची पहिली पट्टी संपत आली होती. नियमाप्रमाणे घरातल्या आणि शेजारच्या माणसांची तपासणी झाली, प्रतिबंध म्हणून रिफॅम्पिसिनचा एकेक डोस दिला गेला. नातवाच्या अंगावर काही नाही. सुनेच्या पाठीवर एक लहान चट्टा निघाला, तिचीही औषधं सुरू झाली. आजोबा कापूस वेचायला जातात का, असं मी विचारलं. जातात, आशाताई म्हणाल्या, पण हातमोजे घालून. मोजे त्यांच्या सुनेनेच जुन्या चादरीचे शिवून दिलेत.