दादीचा आवाज आणि काळी स्क्रीन

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. वाडीतल्या पोफळी आणि माड आडवे झाले, घरावरची कौलं उडाली आणि रात्रभर पाणी आत येत राहिलं. त्या नुकसानीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मी लिहिणार आहे एका डिस्कबद्दल. पत्र्याच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात ठेवलेली ती काळी डबी दुसऱ्या दिवशी पाण्यात बुडालेली सापडली. सुकवली, उन्हात ठेवली, तांदळाच्या डब्यातही ठेवून पाहिली. ती परत फिरली नाही.

त्या डिस्कवर माझ्या दादीच्या आवाजाची दुसरी प्रत होती. दादीचा इंतकाल २०१९ साली झाला. त्याआधीची दोन वर्षं मी तिच्याजवळ मोबाईल धरून बसायचो. लग्नातली हळदीची गाणी, मासळीची नावं, भांड्यांची नावं, कोण कुणाच्या नात्यात, सगळं ती आपल्या कोकणी बोलीत सांगायची. ही बोली आमच्या मुलांच्या तोंडी फारशी उरलेली नाही. शाळेत मराठी, मदरशात उर्दू आणि मोबाईलवर हिंदी असं त्यांचं चालतं. घरातली बोली दादीबरोबरच बसून होती. रेकॉर्डिंगं आणि जुने फोटो मिळून साधारण सहा जीबीचा तो ठेवा होता. मूळ प्रत घरच्या जुन्या डेस्कटॉपवर आणि दुसरी त्या डिस्कवर.

डेस्कटॉप वरच्या माळ्यावर होता, म्हणून वाचला. त्यावर उबुंटू आहे, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. ते मी हौसेनं घातलं नव्हतं. दहा वर्षांचं यंत्र, त्यावर दुसरं काही धड चालेना, म्हणून भाच्यानं घालून दिलं होतं. हा भाचा मर्चंट नेव्हीत जहाजावरची विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं सांभाळतो. जाताना त्यानं एक सोयही करून ठेवली होती. यंत्र सुरू झालं की एक छोटी सेवा आपोआप चालायची आणि दादीच्या फोल्डरची त्या तारखेची नवी प्रत डिस्कवर टाकायची. मला काही करावं लागत नसे. म्हणूनच ती सेवा चालू आहे हे मी विसरून गेलो.

वीज आली त्या संध्याकाळी मी आधी पंखा लावला, मग कॉम्प्युटर. स्क्रीनवर अक्षरं आली आणि थांबली. एका ओळीत आकडा पुढे सरकत होता, तो दीड मिनिटाच्या मुदतीकडे. यंत्र कुणाची तरी वाट पाहत होतं. ९० सेकंद झाले आणि 'इमर्जन्सी मोड' असं लिहून आलं. माझ्या पोटात गोळा आला. अम्मीनं विचारलं, "दादीचा आवाज गेला का रे?" मी म्हटलं, "नाही, यंत्र रुसलंय."

खरं कारण साधं होतं. सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी लिनक्समध्ये एका फाईलमध्ये असते. तिचं नाव एफएसटॅब. त्यात बुडालेल्या डिस्कची ओळ अजून होती. ती नसली तरी चालेल, असं त्या ओळीत सांगितलेलं नव्हतं, म्हणून यंत्र ठरलेला वेळ थांबलं आणि ती आली नाही तेव्हा पुढे जायला तयार झालं नाही. त्या इमर्जन्सी मोडमध्येच फाईल उघडता येते. भाच्यानं वहीत लिहून दिलं होतं त्याप्रमाणे मी त्या ओळीच्या आधी एक चौकटीची खूण टाकली. खूण टाकली की ती ओळ यंत्र वाचत नाही. पुन्हा सुरू केलं आणि नेहमीचा पडदा आला. दादीचा फोल्डर उघडून एक फाईल लावली. अम्मी दारात उभी राहून ऐकत होती.

गोष्ट इथेच संपली असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी यंत्र सुरू केलं तर स्क्रीन पूर्ण काळी आणि कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकतेय. नाव विचारणारा पडदाच नाही. माझा पहिला अंदाज तुमचाही झाला असता. स्क्रीन काळी आहे, म्हणजे बिघाड स्क्रीनचा. केबल बदलली. शेजारचा मॉनिटर आणून लावला. सुरुवातीच्या यादीत जाऊन 'नोमोडसेट' हा शब्द टाकून पाहिला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्रास देत असेल तर तो पर्याय उपयोगी पडतो. इथे नाही पडला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबले की काळ्या पडद्यामागे नुसत्या अक्षरांचा पडदा उघडतो हे वहीत होतं. तिथून मोबाईलचं नेट जोडून ड्रायव्हर नव्यानं टाकायला गेलो. इंग्रजीत काहीतरी लिहून ते मध्येच थांबलं. मी समजलो, नेट गेलं. ती ओळ वाचलीच नाही. दोन संध्याकाळी अशा गेल्या.

मग ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आणा, फॉरमॅट मारून देतो, नवं होईल." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. दुसरी प्रत समुद्राच्या पाण्यानं आधीच खाल्लेली. मी फोन ठेवला आणि भाच्याला निरोप पाठवला.

तो तेव्हा जहाजावर अडकला होता. कोरोनामुळे बंदरांत माणसं उतरवून घेत नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटीवर अडकल्याचा अंदाज होता. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांना तो आकडा बातमीत वाचावा लागला नाही. जहाजावरचं नेट कधी मिळायचं, कधी नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर आलं, तेही तीन ओळींचं. "मामू, ड्रायव्हरला हात लावू नका. यंत्रानं काय लिहून ठेवलंय ते आधी वाचा. मग जागा मोजा."

यंत्र खरंच सगळं लिहून ठेवतं. लिनक्सवर आता बहुतेक ठिकाणी सिस्टिमडी नावाची व्यवस्था सेवा सुरू करते. उबुंटूनं ती २०१५ साली स्वीकारली. कोणती सेवा कधी उठली, कोणती पडली, पडताना काय म्हणाली, याची रोजनिशी ती ठेवते. अक्षरांच्या पडद्यावर 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेनं पडलेल्या सेवांची यादी मागवली, 'जर्नलसीटीएल'नं रोजनिशी उघडली. लॉगिनचा पडदा दाखवणारी सेवा पुन्हा पुन्हा उठून पडत होती. आणि तिच्या आसपास एकच वाक्य पन्नासदा लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ, डिस्कवर जागा उरलेली नाही. ड्रायव्हर टाकताना मी न वाचलेली ओळही तीच असणार.

'डीएफ' या आज्ञेनं जागा मोजली. शंभर टक्के भरलेली. १२० जीबीच्या डिस्कवर निम्मी जागा मोकळी होती, ती दहा दिवसांत गेली कुठे?

ती मीच घालवली होती. बाहेरची डिस्क जोडली की तिच्यातलं सगळं एका ठरलेल्या फोल्डरमध्ये दिसतं. डिस्क नसली तरी तो फोल्डर असतोच, फक्त रिकामा. मी यादीतून डिस्कचं नाव काढलं, पण प्रत काढणाऱ्या सेवेला कुणी सांगितलं नव्हतं की डिस्क आता नाही. ती बिचारी रोज सकाळी उठून दादीचे सहा जीबी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच यंत्रात, पुन्हा ठेवत होती. दहा दिवसांत दहा दाद्या. शेवटी लॉगिनच्या पडद्याला एक छोटी फाईल लिहायलाही जागा राहिली नाही. 'जागा कमी आहे' असा इशाराही त्याआधी दोनदा आला होता, आणि मी फुलीवर टिचकी मारून तो घालवला होता.

आता पुसायचं होतं, आणि हात थरथरत होता. अक्षरांच्या पडद्यावरून पुसलेलं कचरापेटीत जात नाही, सरळ जातं. एक अक्षर चुकलं आणि मूळ फोल्डर गेला तर? मी आधी त्या सेवेला थांबवलं आणि पुढे आपोआप उठू नये असं सांगितलं. मग मूळ फोल्डरमधल्या फायली मोजल्या. २१४. सगळ्यात पहिल्या दिवसाच्या प्रतीतल्या मोजल्या. त्याही २१४. ती प्रत राखून ठेवली आणि नंतरच्या प्रती एकेक करून, प्रत्येक नाव अम्मीला मोठ्यानं वाचून दाखवत पुसल्या. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण दुसऱ्या कानावर नाव पडलं की आपला डोळा जागा राहतो. यंत्र पुन्हा सुरू केलं आणि पडदा आला.

टाळेबंदी उठल्यावर नवी डिस्क घेतली. यादीतल्या तिच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द टाकला, म्हणजे ती नसली तरी यंत्र अडून बसणार नाही. सेवेलाही सांगितलं की आधी डिस्क जोडलेली आहे का पाहा, नसेल तर काही न करता थांब. तिसरी प्रत मुंबईला बहिणीकडे आहे. तिथे आमचा समुद्र पोचत नाही.

हे आज लिहायचं कारण असं की १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि आमच्या तालुक्यात बरीच जुनी यंत्रं नव्या विंडोजला चालत नाहीत. ती भंगारात जातील किंवा लिनक्सवर येतील. येणाऱ्यांना स्क्रीन कधीतरी काळी दिसेलच. तेव्हा घाबरून फॉरमॅटला हो म्हणू नका. ते तीन बटणं दाबा, पडलेल्या सेवा पाहा, रोजनिशी वाचा, जागा मोजा. आणि काही दुरुस्त केलंत तर स्वतःला विचारा की आपण जे काढलं त्याच्यावर दुसरं कोण अवलंबून होतं. पहिली दुरुस्ती बरोबर होती, पण अर्धी होती. दुसरा बिघाड त्या अर्ध्यातून आला.

भाचा काही महिन्यांनी घरी आला. आल्या आल्या त्यानं यंत्र तपासलं नाही. म्हणाला, "मामू, दादीचं ते हळदीचं लावा." ते लावलं. मधे एके ठिकाणी दादी ओळ विसरते, हसते आणि पुन्हा सुरुवातीपासून गाते. २१४ फायलींत सगळ्यात जास्त वेळा आम्ही तीच ऐकली आहे.