पुढील वर्षाची उद्दिष्टे

वर्षअखेरीस भरावयाच्या स्वयंमूल्यमापनाच्या अर्जात या खेपेस आमच्याकडे एक नवा रकाना आला आहे : 'मेंटॉर म्हणून पुढील वर्षाची व्यावसायिक उद्दिष्टे'. शनिवारपर्यंत भरून द्यायचा आहे.

अठरा वर्षे मराठी शिकवल्यावर 2024 च्या जूनमध्ये हे काम माझ्याकडे आले. पूर्वी यालाच 'पालक प्राध्यापक' म्हणत. नॅकच्या अहवालांनी त्याचा मेंटॉर केला. (नाव बदलले की काम बदलते, ही श्रद्धा आपल्या क्षेत्राला नवी नाही.) पण त्या वर्षी काम खरोखरच बदलले होते. नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत लागू झाले आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्हचे कोष्टक हातात घेऊन प्रथम वर्षाची मुले आमच्याभोवती जमू लागली. मी शासननिर्णय दोनदा वाचला, टिपणे काढली. श्रेयांकांचा हिशेब तोंडपाठ असणे हेच माझे पहिले उद्दिष्ट होते, आणि ते मी पहिल्याच सत्रात गाठले, असा माझा समज होता.

दुसऱ्या सत्रात एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी थांबली. "सर, एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन थांबता येतं ना?"

मी उत्साहाने कागद ओढला. किमान 40 श्रेयांक, शिवाय 4 श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँकेत जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत येता येते. पदवी एकूण सात वर्षांत पुरी करायची. तिने कागदाची घडी केली, "बरं सर" म्हणाली आणि गेली.

द्वितीय वर्षाच्या यादीत तिचे नाव नव्हते. घरी लग्नाची बोलणी चालली होती, हे तिच्या मैत्रिणीकडून कळले. हल्ली एका वर्षातही कागद मिळतो, असे वडिलांनी कुठेसे ऐकले होते. "सर 'नाही' म्हणाले असते, तर तिला घरी तसं सांगता आलं असतं." मैत्रिणीच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. खोटे 'नाही' मी म्हणालो नसतो, म्हणायलाही नको होते. पण "तुला थांबायचं आहे का?" एवढे विचारायला कोणता शासननिर्णय लागत होता?

गंमत अशी, की त्याच आठवड्यात तृतीय वर्षाला मी व्यंजना शिकवत होतो. 'सूर्य मावळला' हे ठरलेले उदाहरण : गुराख्याला त्यातून गुरे वळवायची आठवण होते, कुणाला संध्येची, अभिसारिकेला आणखी कशाची. वर्गात हे रंगवून सांगणाऱ्या मला दाराशी उभ्या असलेल्या वाक्याचा मात्र वाच्यार्थच तेवढा कळला.

रकान्यात काय लिहायचे, हे सहकाऱ्यांनी सुचवले आहे : समुपदेशनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम, एखादी कार्यशाळा, नियमित मेंटॉर डायरी. तसे लिहीनच, त्यांतून शिकण्यासारखे नाही असेही नाही. यंदा मी मुलांना भरल्या स्टाफरूमऐवजी ग्रंथालयामागच्या खोलीत बोलावतो आणि कागद काढण्याआधी "का विचारतोस?" म्हणून थांबतो. एका मुलाला मायनर बदलायचा होता. त्याची शेवटची एस. टी. चुकते, हे सांगायला त्याला वीस मिनिटे लागली.

तिची परत येण्याची मुदत 2028 पर्यंत आहे. डायरीत जो नंबर आहे तो वडिलांचा. मध्यंतरी एकदा लावला. "कोण बोलतंय?" त्यांनी विचारले. कॉलेजातून बोलतोय, असे म्हणालो, आणि पुढे काही न सुचून, सर्टिफिकेट कार्यालयात आले आहे, एवढेच सांगितले.