बाजार उठताना

धाडच्या आठवडी बाजारात बांगड्या भरण्यात उभी हयात गेलेला एक कासार जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात, नाताळच्या बाजारात येऊन उभा राहतो. भोवती हजारो दिवे लागलेले असतात, पण त्याची नजर आधी दिव्यांवर जात नाही. ती दुकानांच्या पायथ्याशी जाते. फळ्या कशावर टेकवल्या आहेत, पाऊस आला तर पाणी कुठून वाहील, मागे माल ठेवायला जागा किती आहे, गिऱ्हाइकाचा धक्का लागला तर मांडणी हलेल का, हे सगळं तो आधी पाहून घेतो. बाजारात बसलेल्या माणसाला बाजार असाच दिसतो.

त्याची मुलगी तिथं नोकरीला आहे. ती 'वाइनाख्ट्समार्क्ट' म्हणते, तो 'नाताळची जत्रा' म्हणतो. नाताळ हा शब्दही तसा परमुलखातलाच. पोर्तुगीजांकडून आला आणि इतका मुरला, की शाळेच्या सुट्टीपासून तो मराठीच वाटत आला.

धाड हे बुलढाणा तालुक्यातलं, विदर्भाच्या कडेचं गाव. पलीकडे जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका लागतो आणि मराठवाडा सुरू होतो. हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेलं पिंपळगाव रेणुकाई तिकडेच. फिरत्या दुकानदाराला ही हद्द कधी जाणवत नाही. त्याच्यासाठी आठवड्याचे वार म्हणजे गावं असतात. सोमवार कुठला, गुरुवार कुठला, हे सांगताना तो गावाचंच नाव सांगतो. पहाटे बांगड्यांची मलारं बांधायची, उन्हं वर यायच्या आत पाल ठोकायचं, भवानी झाली की पैसे कपाळाला लावायचे. होळीच्या सुमाराला सैलानीची यात्रा. पिंपळगाव सराईच्या त्या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते, संदल निघतो, आणि सगळ्या जातिधर्मांची माणसं रेटारेटी करत येतात. तिथं त्यानं पाल टाकलं नाही, असं वर्ष क्वचितच गेलं असेल.

ड्रेस्डेनच्या बाजाराचं नाव 'श्ट्रीत्सेलमार्क्ट'. आल्टमार्क्ट, म्हणजे जुना बाजार, नावाच्या चौकात तो भरतो. आज तो जवळपास महिनाभर चालतो. पण १४३४ साली सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, फ्रीडरिश दुसरा आणि त्याचा भाऊ झिगिसमुंड यांनी शहराला जो हक्क दिला, तो एका दिवसाच्या बाजाराचा होता. नाताळच्या आदल्या दिवशी भरणारा मांसाचा बाजार. नाताळपूर्वीचे आठवडे तेव्हा उपासाचे असत. उपास सुटण्याच्या तोंडावर लोकांना सणाचं मांस घेता यावं, एवढाच हेतू. श्रावण संपताना आपल्याकडच्या खाटकाच्या दुकानापुढची गर्दी ज्यानं पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाजार भरवण्याचा हक्क राजाकडून मिळायचा, हेही आपल्या ओळखीचं. मराठी मुलखात पेठ वसवायला कौल लागे आणि पेठेचे शेटे-महाजन वतनदार असत.

'श्ट्रीत्सेल' हे तिथल्या सणाच्या लांबट गोड पावाचं जुनं नाव. आता त्याला 'श्टोलन' म्हणतात. वर पिठीसाखर इतकी, की दुपट्यात गुंडाळलेलं बाळच वाटावं. तो बाळ येशूच, असं तिथले लोक मानतात. उपासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य, म्हणून हा पाव पूर्वी तेलावर भागवला जाई. लोण्याची परवानगी मिळावी म्हणून सॅक्सनीच्या राजघराण्यानं थेट रोमला अर्ज केला, आणि १४९१ साली पोप इनोसंट आठवे यांच्या पत्रानं ती मिळाली. उपासाला भेंडी चालते का, कोथिंबीर चालते का, यावर ज्या घरांत दर एकादशीला वाद होतो, त्या घरातल्या माणसाला हा पाव पहिल्या घासातच आपला वाटतो. २०१० पासून ड्रेस्डेनच्या श्टोलनला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. शहराबाहेर ठरलेल्या परिसराच्या पलीकडे कुणी भाजला, तर त्याला ते नाव लावता येत नाही.

लाकडी खेळण्यांच्या दुकानापाशी मात्र कासार खिळून राहतो.

ही खेळणी ड्रेस्डेनच्या दक्षिणेकडच्या एर्त्सगेबिर्ग डोंगरातून येतात. नावाचा अर्थच खनिजाचा डोंगर. तिथल्या चांदीच्या आणि कथलाच्या खाणी आटत गेल्या, तसे खाणकामगार पोटासाठी लाकडाकडे वळले. झाइफेन या गावात एक कसब आहे. ओल्या लाकडाची चकती चरकावर चढवायची आणि पटाशीनं असं कड्यासारखं कोरायचं, की ते कडं उभं चिरलं की प्रत्येक चिपेत एक घोडा किंवा गाय निघावी. कोरताना घोडा दिसत नाही. तो कारागिराच्या हातातच असतो. ज्याचा जन्म कड्यांमध्ये गेला, त्याला यापेक्षा मोठं नवल कुठलं? शेजारी लाकडी मनोरा फिरत असतो. खाली मेणबत्त्या, वर पात्यांचं चक्र. तापलेली हवा वर चढते आणि पाती फिरवते. हिवाळ्यात हे कामगार उजाडायच्या आत खाणीत उतरत आणि अंधारून आल्यावर वर येत. म्हणून त्यांच्या घरांच्या खिडक्यांत दिव्यांच्या कमानी आल्या, असं तिथं सांगतात.

सणाची झूल चढवली की बाजाराच्या पोटातली भूक दिसेनाशी होते. इथंच सुक्या आलुबुखाऱ्यांचे काळे बाहुले विकतात, हातात शिडी आणि डोक्यावर उंच टोपी असलेले. पर्यटक हसतात, फोटो काढतात. हे बाहुले म्हणजे श्रीमंतांच्या धुराड्यांत उतरून काजळी खरवडणारी लहान पोरं. आणि एकोणिसाव्या शतकात असा माल याच बाजारात कुडकुडत विकणारीही गरिबांची लेकरंच होती. मुलीनं हे वाचून दाखवल्यावर कासार बराच वेळ बोलत नाही. आठव्या वर्षी तोही बापाच्या पालाखाली बसून फुटक्या बांगड्या निवडत असे.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बफेकीत हे शहर जळालं. मृतांना पुरायला ना वेळ उरला ना माणसं, म्हणून ६,८६५ जणांचे देह याच चौकात रचून जाळले गेले. त्याच फरशीवर आज लेकरं पाळण्यात बसतात. बाजार पुन्हा भरला, ही साधी गोष्ट नाही.

काचेच्या गोळ्यांच्या दुकानात तो हात पुढे करतो.

"बाबा, इथं भाव करत नाहीत हं."

"म्या काय म्हनलं? हातात घेऊन पाहू तर दे, बाई."

थुरिंगियातलं लाउशा हे काचेचं गाव. १५९७ साली तिथं भट्टी लागली. झाडाला टांगायचे हे पोकळ गोळे एकोणिसाव्या शतकात तिथल्या घराघरांत दिव्याच्या ज्योतीवर फुंकले जाऊ लागले. पुरुष फुंकत, बायका-पोरं आतून चांदीचा मुलामा देत, रंगवत, आणि पाठीवरच्या टोपल्यांत भरून माल झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोचवत. कासार गोळा उजेडाला धरतो, नखानं हलकेच वाजवतो, मान डोलावतो. विकणारी बाई त्याच्या बोटांकडे पाहते. काच कशी धरायची हे ठाऊक असलेला माणूस तिला ओळखू येतो. तेवढ्यात एका पोराच्या हातून गोळा निसटतो. "वाढला," कासाराच्या तोंडून निघून जातं. बांगडी फुटली असं तो उभ्या आयुष्यात म्हणालेला नाही.

त्याला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या शहरानं आपल्या बाजारकऱ्याला छप्पर दिलं, मालाचं नाव राखलं, कारागिराला मानाची जागा दिली. आपल्याकडच्या कितीतरी आठवडी बाजारांत हर्राशी होते, पावती फाडली जाते. पण ओटा नाही, सावली नाही, दिवसभर बसणाऱ्या बाईला आडोसा नाही. कासार, बुरूड, घोंगडीवाला एकेक करून उठून गेले आणि त्यांची जागा प्लॅस्टिकच्या ढिगानं घेतली. सहाशे वर्षं टिकेल असं धाडच्या बाजारातही पुष्कळ होतं. ते राखायचं असतं, हे कुणाच्या मनात आलं नाही.

चोवीस डिसेंबरला दुपारीच बाजार उठतो. १४३४ मध्ये जो बाजाराचा एकुलता एक दिवस होता, तोच आता शेवटचा. मुलगी म्हणते, आज पाहण्यासारखं काही नाही. पण तो हट्टानं जातो. दुकानांवरच्या दिव्यांच्या माळा उतरत असतात, फळ्यांवर फळ्या चढत असतात. काचवाली बाई उरलेले गोळे खोक्यांत भरत असते. कासार जवळ जाऊन उभा राहतो. मग न विचारताच कागदाचा एक तुकडा चुरगाळून तो गोळ्याभोवती गुंडाळतो, बोटानं दाबून पाहतो आणि तिच्या हातात देतो. ती दुसरा गोळा त्याच्यापुढं करते.