रिकाम्या घरांची वाडी

मुलांनो, नकाशात युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड शोधा. त्याच्याही पश्चिमेला, मेयो परगण्यात, ॲकिल नावाचं बेट आहे. तिथल्या एका डोंगराच्या उतारावर दगडी घरांची लांबच लांब रांग दिसते. ऐंशी ते शंभर घरं! पण एकाही घरावर छप्पर नाही, आत माणूस नाही. या जागेचं नाव स्लीवमोर. आयरिश भाषेत ‘स्लीव’ म्हणजे डोंगर आणि ‘मोर’ म्हणजे मोठा.

आपल्याकडे गावाच्या वाड्या असतात ना, तसे तिकडे ‘टाउनलँड’ असतात. नावात ‘टाउन’ असलं तरी शहराशी त्याचा काही संबंध नाही. थोडी शेतं, थोडं कुरण, मोजकी घरं, की झाला टाउनलँड! आयर्लंडच्या बेटावर असे ६० हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे. स्लीवमोर त्यांतलाच एक.

इथली घरं बहुतेक एका खोलीची. दगडावर दगड रचून भिंती उभ्या केलेल्या. एका बाजूला माणसं राहायची, दुसऱ्या बाजूला गुरं. आसपासच्या जमिनीवर उंचसखल पट्टे दिसतात, ते बटाट्याचे जुने वाफे. जमीन जमीनदाराची. त्याला खंड द्यायचा आणि आपण बटाट्यावर जगायचं.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पीक जमिनीतच सडलं. पुढच्या सहा-सात वर्षांत देशातली सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं मेली. जवळजवळ तेवढीच बोटीत बसून परदेशी गेली. स्लीवमोरही हळूहळू रिकामं झालं. काही कुटुंबं खाली समुद्रकाठच्या डूआ गावी राहायला गेली. नंतरही बरीच वर्षं ती उन्हाळ्यात गुरं चारायला वर येत आणि जुन्या घरांत मुक्काम करत.

मग अशा वाड्यांमधली माणसं कोण होती, हे कसं कळणार? सरकारी कागदांतून? पण १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनचा दफ्तरखाना जळाला आणि दुष्काळाच्या काळातली जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे कागद तेवढे शाबूत आहेत. त्यांत प्रत्येक घरातल्या माणसाचं नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं की नाही, हे सगळं आहे. पण आजी कोणती गोष्ट सांगायची, हे मात्र त्यात नाही!

ते काम केलं शाळकरी मुलांनी. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना एक वेगळाच गृहपाठ मिळाला. घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि वहीत लिहायचं. गोष्टी, खेळ, झाडपाल्याची औषधं, शेतांची नावं आणि दुष्काळाच्या आठवणीही. दुष्काळ सोसलेल्यांची मुलं-नातवंडं तेव्हा म्हातारी झाली होती. आणखी वीस वर्षं उशीर झाला असता, तर त्यांतलं कितीतरी कायमचं गेलं असतं. त्या वह्या आजही डब्लिनमध्ये जपून ठेवल्या आहेत. २०१७ साली युनेस्कोनं त्यांची नोंद जगाच्या ठेव्यात केली.

आता तुम्ही सांगा, तुमच्या वाडीला किंवा आळीला हे नाव कशावरून पडलं? माहीत नाही? मग आजच आजोबांना विचारा. वहीत लिहा आणि खाली तारीख व सांगणाऱ्याचं नाव घालायला विसरू नका!