रिमोट स्टार्ट? नको रे बाबा!

कार अलार्म घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, “मॅडम, रिमोट स्टार्टवाला घ्या ना! वरून बटण दाबायचं, खाली येईपर्यंत गाडी गारेगार.” पुण्यातला मे महिना, तापलेलं स्टिअरिंग... मोह होणारच!

पण माझी गाडी मॅन्युअल गिअरची. सोसायटीच्या उतारावर हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकून ठेवायचा, ही बाबांची शिकवण. अशी गाडी क्लच न दाबता स्टार्ट झाली, तर पुढे झेप घेणार. आणि समोर कोण? पार्किंगमध्ये लपाछपी खेळणारी पोरं!

शिवाय इमोबिलायझरला चकवायला काही किटमध्ये चिपवाली दुसरी किल्लीच गाडीत लपवून ठेवतात. म्हणजे चोराला ताट वाढून दिल्यासारखंच की!

मी साधा अलार्म घेतला. वायर न कापता, कपलरला कपलर जोडून. शॉक सेन्सर जरा कमीवर ठेवला. मांजरीने बॉनेटवर उडी मारली म्हणून अख्खी सोसायटी जागी व्हायला नको.

तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल, तर जरूर विचार करा. फक्त बंद बेसमेंटमध्ये ते बटण दाबू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि गारव्याचं म्हणाल, तर काचा खाली करून दोन मिनिटं गाडी चालवा, गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. एक बटण कमी असलं, तर बिघडलं कुठे?